एक किलो म्हणजे पुणे ते सातारा

पहाटे साडेपाचला महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर, डांबरी रस्त्यावर, दोन प्रकारची माणसं धावताना दिसतात. पहिली भरतीची पोरं. पोलीस भरतीच्या ग्राउंडला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. तिथे सेकंदांचे गुण होतात आणि गुणांची नोकरी. म्हणून ही पोरं जीव तोडून पळतात. काहींच्या पायात धड बूटही नसतात. दुसरा प्रकार गेल्या पंधरा-वीस वर्षांत उगवला. पंचेचाळिशीचे बँक मॅनेजर, शाळेतले सर, मेडिकलवाले शेठ, दातांच्या डॉक्टरीणबाई. मनगटावर घड्याळ, पायात महागाचे बूट आणि वेग असा की मागून आलेला पोरगा ‘काका, साइड’ म्हणत सहज पुढे जातो. पोराला कुठे पोचायचंय ते त्याला ठाऊक असतं. काकांना विचारलं तर बहुतेक काका पोटावर हात ठेवतात आणि म्हणतात, “हे जरा कमी करायचंय.”

हे पुस्तक त्या काकांसाठी आणि काकूंसाठी आहे, आणि मला त्यांच्या या उत्तराशीच भांडायचं आहे.

आधी हिशेब मांडू. सपाट रस्त्यावर धावताना माणसाच्या शरीराच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला, ढोबळमानाने एक किलोकॅलरी खर्च होते. जोरात धावलात तर वेळ वाचतो. खर्च फारसा बदलत नाही. म्हणजे सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला की ३५०. उलट, अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. भागाकार केला की उत्तर येतं ११० किलोमीटर. स्वारगेटहून निघायचं, कात्रज आणि खंबाटकी ओलांडून सातारा स्टँडवर पोचायचं, तेव्हा कुठे एक किलो. वाटेत शिरवळला वडापाव घेतला तर त्यातल्या त्यात लहान वड्याचेही अडीचशे-तीनशे परत जमा. रविवारच्या लाँग रननंतर सगळ्या ग्रुपने मिसळीच्या दुकानात शिरायचं ही आता आपल्याकडची रीतच झाली आहे. मिसळीला माझा काही विरोध नाही. धावलो म्हणून ती फुकटात पडली, या समजुतीला आहे.

हिशेब इथेही संपत नाही, कारण शरीर मुनीमासारखं प्रामाणिक नसतं. हर्मन पाँट्झर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. शिकार आणि कंदमुळांवर जगणारी ही माणसं दिवसभर पायपीट करतात. २०१२ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा अनेकांना धक्का बसला: शरीराच्या आकाराचा विचार केला तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकी माणसापेक्षा फारसा वेगळा नव्हता. हालचाल वाढली की शरीर आतल्या दुसऱ्या खर्चांना कात्री लावतं, असा पाँट्झर यांचा तर्क आहे. त्यावर वाद आहेत, पण पहिल्या तीन महिन्यांत उतरणारा काटा चौथ्या महिन्यात का अडून बसतो याचा थोडा तरी उलगडा त्यातून होतो.

“चाळिशीनंतर मेटाबॉलिझमच मंदावतो हो,” हे दुसरं लाडकं वाक्य. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास आला, त्यातही पाँट्झर होतेच. स्नायूंचं आणि चरबीचं प्रमाण लक्षात घेतलं तर वयाच्या विसाव्यापासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ सपाट राहतो, असं त्यात दिसलं. म्हणजे बदलतो तो चयापचय नव्हे, दिनक्रम. बढती होते, केबिन मिळते, चारचाकी येते, मुलाच्या ताटातलं उरलेलं ‘टाकायचं कशाला’ म्हणून आपल्या ताटात येतं, झोप तुटते, आणि तिन्हीसांजेला फिरणारे पाय सोफ्यावर वर घेतले जातात. मेटाबॉलिझमला दोष देण्यात एक सोय होती; ती या अभ्यासाने काढून घेतली.

मग धावायचं कशाला? इथे लंडनच्या बसमध्ये चढावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत होती आणि कारण कोणाला कळत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवरचे कर्मचारी अभ्यासाला घेतले. एकाच बसवर, एकाच सामाजिक वर्गातली दोन माणसं: चालक दिवसभर बसून, आणि कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या वर-खाली करणारा. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, झाला तरी उशिरा होत होता आणि त्यात तडकाफडकी जाण्याचं प्रमाणही कमी होतं. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आकड्यांत दाखवणारा हा पहिला मोठा अभ्यास. आक्षेप लगेच आला: आधीच जाडजूड असलेली माणसं चालक होत असतील, त्याचं काय? मॉरिस यांनी मग जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी गणवेशाच्या नोंदी मागवल्या आणि चालक-कंडक्टरांच्या पँटच्या कमरेची मापं तपासली. चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या. पण पुढच्या वर्षांत आणखी खोलात गेल्यावर दिसलं की कंडक्टर सडपातळ असो, मध्यम असो की चांगला पोटाचा असो, चालकाच्या तुलनेत त्याच्या हृदयाला धोका कमीच. पायऱ्यांनी त्याला बारीक केलं नसेलही. वाचवलं मात्र होतं. मॉरिस स्वतःही लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर धावायला जात, लोक वळून बघत असताना, आणि २००९ साली वयाच्या ९९व्या वर्षी गेले. आपल्या ‘बेस्ट’च्या दुमजली बसवर असा अभ्यास कोणी केला असता तर किती बरं झालं असतं, असं राहून राहून वाटतं.

या पुस्तकातली माझी भूमिका त्या पँटच्या मापांवर उभी आहे: वजन आणि धावणं ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली रक्कम दुसऱ्यात शोधायला गेलेला माणूस सहाव्या आठवड्यात काट्यावर उभा राहतो, आकडा बघतो आणि बूट माळ्यावर टाकतो. त्या सहा आठवड्यांत त्याचा रक्तदाब थोडा उतरलेला असतो, जेवणानंतरची साखर सुधारू लागलेली असते, दोन जिने चढून धाप लागायची ती कमी झालेली असते. काट्याला यातलं काहीच दिसत नाही.

आपल्या बाबतीत तर काटा दुहेरी फसवतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका पानाचा मजकूर छापून आला, सोबत दोन डॉक्टरांचा फोटो. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. बघणारा म्हणेल, दोघेही सडसडीत. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आहे. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी पडलेला भाग होता तो स्नायूंचा, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला किडकिडीत आणि आतून मेदयुक्त, ही आपली घडण आईच्या पोटातच सुरू होते असं या कामाने दाखवलं. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २५ वर नाही, २३ वर धरतात. आणि कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर, स्त्रीचा ८० सेंटिमीटर यापुढे गेला की सावध व्हायचं.

याचा अर्थ असा की ‘मी तर बारीकच आहे’ म्हणून हे पुस्तक बाजूला ठेवणाऱ्या, काटकुळ्या हातापायांच्या आणि शर्टाखाली छोटी ढेरी बाळगणाऱ्या गृहस्थांना ते अधिक लागू आहे. वजनकाटा घेण्याऐवजी शिंप्याकडची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. शेवटची अट पुरुषांसाठी खास.

मध्यमवयात धावणं ही कल्पना मुळात फार जुनी नाही. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने १९६२ च्या सुमाराला ऑकलंडमध्ये स्थूल, हृदयविकार झालेल्या, निवृत्तीकडे झुकलेल्या लोकांना सावकाश धावायला लावलं. अमेरिकेतून आलेले बिल बॉवरमन तेव्हा पन्नाशीचे होते, नामांकित प्रशिक्षक होते, आणि या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात धावताना मागे पडले. घरी परतून त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाला सोबत घेऊन १९६७ मध्ये ‘जॉगिंग’ नावाचं छोटं पुस्तक काढलं, त्याच्या लाखो प्रती गेल्या. लिडियार्ड यांची कसोटी एकच होती: धावता धावता बोलता आलं पाहिजे. पुढे घड्याळं आली, नाडीचे ठोके आले, रंगीत आलेख आले. चाळिशीपुढच्या नवख्यासाठी याहून चांगली कसोटी मला तरी सापडलेली नाही.

आपल्याकडे मोठ्या माणसाने करायचा व्यायाम म्हणजे तालीम, सूर्यनमस्कार किंवा ‘फिरायला जाणं’. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रचार केला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. इतक्या घट्ट परंपरेत धावणं कुठे नव्हतं. धावायचं पोरांनी, नाहीतर चोर मागे लागलेल्याने. चारचौघांत मोठ्यांनी पळण्याला मान्यता होती ती एका ठिकाणी: आषाढीच्या वाटेवर वेळापूरजवळ ‘धावा’ होतो, पंढरपूर जवळ आल्याच्या आनंदात वारकरी उतारावरून धावत सुटतात, त्यात डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या साठीच्या बायकाही असतात. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, पण ती बघायची स्पर्धा होती. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन आली, आणि हौशी माणूस कडेचा प्रेक्षक न राहता छातीवर बिब लावून पेडर रोडचा चढ चढू लागला. पुढे साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली हाफ मॅरेथॉन आली, नंतर जिल्ह्याजिल्ह्यात लोण पसरलं. आता पन्नाशीचा माणूस अर्ध्या चड्डीत रस्त्यावर दिसला तर शेजारी हसत नाहीत. फार तर वजन उतरल्यावर लग्नसमारंभात कोणी तरी हळूच विचारतं, “काय हो, शुगर निघाली का?”

आता एक अप्रिय गोष्ट. जिम फिक्स हा अमेरिकी माणूस पस्तिशीला जवळपास ९७ किलोचा होता आणि दिवसाला दोन पाकिटं सिगारेटी ओढत होता. तो धावू लागला, सिगारेट सुटली, सत्तावीसेक किलो उतरले, आणि १९७७ मध्ये त्याने धावण्यावर लिहिलेलं पुस्तक प्रचंड खपलं. २० जुलै १९८४ रोजी, व्हरमाँटमध्ये, रोजच्यासारखा धावायला गेलेला असताना तो हृदयविकाराने गेला. वय ५२. शवविच्छेदनात हृदयाच्या तिन्ही प्रमुख रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात चोंदलेल्या आढळल्या. त्याच्या वडिलांना पहिला झटका पस्तिसाव्या वर्षी आला होता आणि ते त्रेचाळिसाव्या वर्षी गेले होते. धावण्याला नावं ठेवणाऱ्यांनी तेव्हापासून हे उदाहरण हाताशी ठेवलं आहे. कदाचित धावण्यानेच त्याला वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त मिळाली असतील. तसं सिद्ध करता येत नाही, उलटही करता येत नाही. मला त्यात दिसतं ते वेगळंच. काटा आणि आरसा या दोघांनीही फिक्सला पास केलं होतं. सडपातळ झाला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या, असा अर्थ त्याने आणि त्याच्या वाचकांनी काढला.

आपल्याला ही सूट परवडणारी नाही. दक्षिण आशियाई माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचं सरासरी वय ५३ आणि इतर देशांत जवळपास ५९, असं २००७ मध्ये छापलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळलं. घरात कोणी तरुणपणी हृदयविकाराने गेलं असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, धूम्रपान केलेलं असेल, तर बूट घेण्याआधी डॉक्टर गाठा. आणि टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची हृदयाची तपासणी, नॉर्मल आली म्हणजे आयुष्यभराचं प्रमाणपत्र मिळालं असं समजू नका. धावताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाटल्यासारखं झालं तर थांबायचं. ‘गॅस असेल’ हे निदान आपल्या घराघरांत फार माणसं मारतं.

गुडघ्यांचा प्रश्न मी लवकर उरकतो, कारण तो विचारणाऱ्यांना उत्तर नको असतं, न धावण्याचं कारण हवं असतं. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौशी धावणाऱ्यांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज ३.५ टक्क्यांना होती, न धावणाऱ्यांत १०.२ टक्क्यांना, आणि स्पर्धात्मक, व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्क्यांना. बेताने धावणाऱ्याचे गुडघे सोफ्यावरच्या माणसापेक्षा वाईट नसतात. ज्यांचे आधीच दुखतात, सुजतात, त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तिला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

कमी बोललं जातं ते स्नायूंबद्दल. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर आणखी वेगाने. नुसतं धावून पायांचं थोडंफार राखलं जातं, खांद्यांचं, पाठीचं, कमरेचं नाही. त्यात आपलं जेवण. तीस ग्रॅम कोरड्या डाळीत सातेक ग्रॅम प्रथिनं असतात, आणि आपलं रोजचं पातळ वरण एका माणसाच्या वाट्याला तेवढी डाळही देत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅमची, साठ किलोच्या बाईला रोज पन्नास ग्रॅम. पोहे, साबुदाण्याची खिचडी, चहा-बिस्किट, भात यांतून ते कसे भरणार? धावणारी पण न खाणारी, हातपाय बारीक होत चाललेली माणसं मी ग्रुपमध्ये बघतो आणि त्यांचं कौतुक होताना ऐकतो, तेव्हा काळजी वाटते. म्हणून या पुस्तकात धावण्याइतकीच पानं जोर, बैठका आणि वजनं उचलण्यावर खर्च केली आहेत. औंधच्या राजेसाहेबांचा वारसा टाकून द्यायचं काही कारण नाही.

२०२५ पासून टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्याकडेही मिळू लागली आहेत, आणि ती काम करतात. धावण्याचं प्रयोजन वजन हेच असतं तर हे पुस्तक छापण्याची गरज उरली नसती. पण इंजेक्शनाने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, हृदयाची ताकद त्यातून कमावली जात नाही, आणि औषध थांबलं की वजन बहुतेकांचं परत चढू लागतं. उतरलेलं वजन टिकवण्यात मात्र व्यायामाचा वाटा मोठा. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते ज्यांनी तेरा-चौदा किलो उतरवून निदान वर्षभर राखले. त्यातले बहुसंख्य लोक रोज सुमारे तासभर व्यायाम करणारे निघाले. म्हणजे ती दोन खाती वेगळी असली तरी त्यांच्यात एक उशिराची देवघेव आहे.

बायकांबद्दलचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे आणि ते छाटायला मी नकार दिला. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन कमी झालं की चरबी मांड्यांवरून पोटाकडे वळते आणि हाडं पहिल्या काही वर्षांत झपाट्याने विरळ होतात. नेमकं त्याच वयात घरात दहावी-बारावीची मुलं आणि आजारी सासू-सासरे असतात. साडेपाच ही धावण्याची वेळ आहे, तशीच नळाला पाणी येण्याची आणि डब्यांचीही आहे. शिवाय अंधार आहे, कुत्री आहेत, टपरीवरची नजर आहे. ‘वेळ काढा’ असं लिहिणारी पुस्तकं कोण लिहितं ते मला माहीत आहे. घरातल्या पुरुषाने आठवड्यातून चार दिवस डबे करावेत, ही या प्रकरणातली पहिली सूचना आहे, आणि ती गमतीने लिहिलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम किंवा पंच्याहत्तर ते दीडशे मिनिटं जोमदार व्यायाम सांगते, वर दोन दिवस स्नायूंसाठी. यात मॅरेथॉन कुठेही नाही. ज्यांना बेचाळीस किलोमीटर धावायचे आहेत त्यांनी जरूर धावावेत. त्यांच्यासाठी बाजारात इतर पुस्तकं आहेत, इथे वेळापत्रक मिळणार नाही.

प्रकरणं क्रमाने वाचायची आहेत. पहिले सहा आठवडे फक्त चालणं, मग एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं. अधीर वाचक हा भाग ओलांडून पुढे जाईल आणि टाच धरून परत येईल, हे ठाऊक आहे, म्हणून टाचदुखीचं प्रकरण लगेच दुसरं ठेवलं आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र हा क्रम मोडावा. त्यांनी सातवं प्रकरण आधी वाचावं, डॉक्टरांशी डोसबद्दल बोलावं, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा चार चमचे साखरेची पुडी ठेवावी, आणि पहिले काही आठवडे एकट्याने धावायला जाऊ नये.